आधी वही, मग स्कॅनर: चित्रकाराने आपलं काम आणि कागद जपायचे कसे

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात आली तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. बडोद्याच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या मगरी सगळ्या देशाने मोबाईलवर बघितल्या, आमच्या लोखंडी कपाटाचा खालचा खण मात्र कोणी बघितला नाही, आम्हीसुद्धा तिसऱ्या दिवशी बघितला. त्यात बाबांची सत्तर-ऐंशीच्या दशकातली कामं होती, म्हणजे इथल्या मराठी नाटकांच्या सेटची स्केचेस, गणपती मंडळांच्या डेकोरेशनचे आराखडे, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे तेव्हाचे नमुने आणि फोटोंची आठ-दहा पाकिटं.

कागद बरेचसे वाचले. फोटोही धुऊन वाळवून साठेक तरी चांगले निघाले. गेलं ते पाकिटांवरचं अक्षर. बाबांनी प्रत्येक पाकिटावर शाईच्या पेनाने नाटकाचं नाव, तारीख, कोण कोण होतं असं सगळं लिहिलेलं, ते निळं पाणी होऊन वाहून गेलं. आता साठ फोटो आहेत, बाबांचं वय त्र्याऐंशी, त्यांना निम्म्यांचं सांगता येतं, आणि उरलेल्या निम्म्या फोटोंतली माणसं कोण होती हे आता आम्हाला कोणालाच सांगता येत नाही.

मी स्वतः ग्राफिक्सवाली, म्हणजे एचिंग (धातूची प्लेट ॲसिडने कोरून तिच्यावरून छापलेली चित्रं) वगैरे करते, आणि ओळखीतले आर्टिस्ट किंवा त्यांची मुलं मला विचारतात की स्कॅनर कुठला घेऊ, हार्ड डिस्क किती टीबीची घेऊ. माझं उत्तर दर वेळी एकच, आधी साठ रुपयांची लांब वही घ्या. स्कॅन पुढच्या वर्षी केला तरी कागद तिथेच असतो, पण तो कागद काय आहे हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही, आणि असला तरी त्याला आठवेलच असं नाही. तर खालची सगळी कामं मी त्याच क्रमाने लिहिली आहेत, मला स्वतःला हा क्रम उशिरा कळला.

कपाट उघडा, पण आवरू नका

पहिली चूक सगळे हीच करतात, मीही केली. कपाट उघडायचं, सगळं गादीवर ओतायचं, आणि स्केचेस एकीकडे, पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे अशा गठ्ठ्या लावायच्या. दिसायला छान दिसतं. पण एका फाइलमध्ये एक स्केच, त्याला टाचलेलं एक बिल आणि एक पोस्टकार्ड असं एकत्र होतं, त्याला कारण होतं, ते बिल त्याच कामाच्या रंगाचं होतं आणि पोस्टकार्डात त्याच कामाबद्दल कोणीतरी काही लिहिलेलं होतं. वेगवेगळं केलं की तिन्ही मुकी होतात. जुनी दप्तरं सांभाळणारे लोक मूळ क्रम मोडत नाहीत ते यासाठीच. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात, आणि कागद कुठल्या रुमालात सापडला यावरून अर्धी गोष्ट कळते. आपल्या घरातही प्रत्येक पिशवी, फाइल, डबा हा एकेक रुमाल समजा.

म्हणून आधी कपाट जसं आहे तसं त्याचा मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक खणाचा वेगळा. मग प्रत्येक पिशवीला, फाइलला, ट्यूबला एक नंबर द्या, कागदाची चिठ्ठी आत टाका, आणि एका पानावर लिहा, "पिशवी ४, निळी, साधारण ४० कागद, बहुतेक १९७०चं दशक, पोस्टकार्डं पण आहेत." एवढंच. आमच्याकडे हे दोन रविवारांत झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात नक्की काय आहे ते आम्हाला कळलं.

या वेळी टाकायचं काहीच नाही. दिवाळीच्या साफसफाईत तर अजिबात हात लावू नका, आमच्याकडे आईने एका दिवाळीत बाबांच्या दोन स्केचबुक पस्तीवाल्याला दिल्या होत्या, पुठ्ठा जाड होता म्हणून भाव चांगला आला म्हणे. लोकांना चित्रं ठेवायची हे कळतं, पण रंगाची बिलं, फ्रेमवाल्याच्या पावत्या, प्रदर्शनाची आमंत्रणं, भावाच्या याद्या, फसलेले प्रूफ (चाचणीचे छाप), पेपरातली कात्रणं, दुसऱ्या चित्रकाराची आलेली दोन ओळींची चिठ्ठी, हे सगळं ठेवायचं असतं. रंगाचं बिल असलं की त्या वर्षी कुठला रंग, कुठला कागद वापरला ते पन्नास वर्षांनी सांगता येतं, आणि चित्र दुरुस्त करणाऱ्याला तेच हवं असतं. एकाच आमंत्रणाच्या शंभर प्रती असतील तर तीन ठेवा, बाकी देऊन टाका, पण तेसुद्धा यादी झाल्यावर.

आता वही

आपल्या जुन्या दुकानदारांकडे रोजकीर्द आणि खतावणी असायची, रोज जे घडलं ते रोजकीर्दीत आणि मग खात्याप्रमाणे खतावणीत. चित्रकारालाही दोन्ही लागतात. रोजकीर्द म्हणजे आज काय केलं, प्लेट किती वेळ ॲसिडमध्ये ठेवली, कुणाला चित्र दिलं, हे तारखेसकट दोन ओळीत लिहायचं. खतावणी म्हणजे प्रत्येक कामाची एक नोंद, आणि खरी महत्त्वाची हीच.

नंबर साधा ठेवा. वर्ष, माध्यम, अनुक्रमांक. आमच्याकडे १९७८-जल-०१४ म्हणजे १९७८ सालचं, जलरंग, चौदावं. नंबर एकदा दिला की दिला, चित्र विकलं, फाटलं, हरवलं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. साल नक्की नसेल तर अंदाज लिहा, पण अंदाज आहे हे दिसू द्या, "१९७८?" किंवा "१९७५ ते ८० सुमारास". ठाम चुकीच्या सालापेक्षा प्रश्नचिन्ह कितीतरी बरं.

मग रकाने. नाव (चित्रकाराने दिलेलं असेल तर, नसेल तर "विनाशीर्षक" आणि पुढे ओळखीपुरतं वर्णन), माध्यम, कशावर केलंय, माप, सही कुठे आहे, अवस्था, कुठे ठेवलंय, कुठे कुठे दाखवलं, कुणाकडे गेलं, फोटोची फाइल कुठली. माप सेंटीमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, चित्रांच्या बाबतीत हे बहुतेक असंच धरतात, आणि इथे गोंधळ झाला की आडवं चित्र कॅटलॉगमध्ये उभं छापून येतं. फ्रेमचं माप धरायचं नाही. प्रिंट असेल तर प्लेटचं माप आणि कागदाचं माप दोन्ही, शिवाय एडिशन (म्हणजे ठरवलेल्या प्रती) किती, कितवा नंबर कुणाला दिला, आर्टिस्ट प्रूफ (एडिशनबाहेर चित्रकाराने स्वतःसाठी काढलेल्या प्रती) किती काढले, आणि प्लेट अजून आहे की रद्द केली. आमच्या ग्राफिक्सवाल्यांचा इथे सगळ्यात मोठा घोळ असतो, एडिशन दहाची लिहितात, प्रत्यक्षात सहा काढतात, उरलेले चार "पुढे काढू" म्हणतात आणि कुठले काढले ते विसरतात.

एक नोंद जशीच्या तशी देते:

"१९८१-मिश्र-००६. नाटकाच्या सेटचं स्केच, दुसरा अंक, वाड्याचा चौक. पेन्सिल आणि पोस्टर कलर, ड्रॉइंग पेपरवर. २८ × ३८ सेमी. सही उजवीकडे खाली, तारीख नाही. डावीकडे वर सेलोटेपचा पिवळा डाग, खाली २०२४च्या पुराची पाण्याची रेघ. पिशवी ४ मधून निघालं, सोबत सुताराचं बिल. बाबा म्हणतात चौकाची कमान प्रत्यक्षात उभारली नव्हती, बजेट संपलं."

शेवटचं वाक्य बघा. कमान उभारली नव्हती हे त्या कागदावरून कुठल्याही तज्ज्ञाला कळलं नसतं.

विकलेल्या, भेट दिलेल्या कामांची नोंद पण करा, उलट ती आधी करा, कारण घरातलं चित्र घरातच आहे, बाहेर गेलेलं शोधायला लागतं. वही झाली की एक्सेलमध्ये उतरवा, शोधायला सोपं, पण वही फेकू नका, आणि वर्षातून एकदा एक्सेलची प्रिंट काढून वहीत ठेवा.

कागदाच्या मागे लिहायचं कसं

वहीतला नंबर कामावरही पाहिजे, नाहीतर दोघांची गाठ पडणार नाही. कागदावर मऊ पेन्सिलने, २बी चालते, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, खाली काचेसारखं कडक काहीतरी ठेवून, दाब न देता. बॉलपेन नको, समोरून उठाव दिसतो आणि शाई कालांतराने झिरपते. शाईच्या पेनाचं आमचं काय झालं ते वर सांगितलंच. कॅनव्हासच्या मागे कापडावर लिहू नका, लाकडी पट्टीवर लिहा. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंच्या मागे पेन्सिल चालते, नंतरच्या कलर प्रिंटांची पाठ प्लास्टिकसारखी असते, त्यावर उमटत नाही, तिथे फोटो कागदी पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर पेन्सिलने लिहायचं, फोटो आत टाकायच्या आधी.

बोलतं करा

आई-वडील, काका, गुरुजी, ज्यांचं काम आहे ते हयात असतील तर हे काम स्कॅनिंगच्या आधी. स्वतःचंच काम असेल तर स्वतःशीच बोलून रेकॉर्ड करा, दहा वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही.

"बाबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारलं की बाबा दोन वाक्यं बोलून चहा मागतात. हातात एक फोटो द्या आणि विचारा, डावीकडून तिसरा कोण? मग बघा. मोबाईल टेबलावर, पंखा बंद (पंख्याचा आवाज नंतर फार त्रास देतो), एअरप्लेन मोड चालू, सुरुवातीला तारीख आणि नंबर मोठ्याने बोला, आणि दर फोटोच्या वेळी "आता फोटो १२" असं म्हणा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये "हा बघ, हा" एवढंच ऐकू येतं आणि हा म्हणजे कोण ते कळत नाही. पाऊण तासापेक्षा जास्त नको. त्याच दिवशी संध्याकाळी महत्त्वाचं वहीत उतरवा, सगळं शब्दशः लिहीन म्हणाल तर कधीच होणार नाही.

आमच्याकडे एका सेटचे फोटो मी कौतुकाने बाबांच्या नावावर लिहून ठेवले होते. रेकॉर्डिंग करताना बाबा म्हणाले, "अगं, तो सेट माझा नाहीच, मी फक्त मागचा पडदा रंगवला, सेट दुसऱ्याचा." मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? तर म्हणाले, "तू विचारलंस कुठे." नोंद बदलली, जुनी खोडली नाही, एक रेघ मारून खाली तारीख घालून नवीन लिहिली. दुरुस्ती नेहमी अशीच करायची.

चित्राचा फोटो

चांगला मोबाईल असेल तर सुरुवातीला पुरतो. खरी गोष्ट उजेडाची आहे. फ्लॅश कधीच नाही. अगाशीवर भर उन्हात नाही. ढगाळ दिवस किंवा सावलीतला व्हरांडा सगळ्यात छान, पण आजूबाजूची भिंत पिवळी किंवा गुलाबी असेल तर तो रंग चित्रावर उतरतो, आणि फोटो काढणाऱ्याने लाल कुर्ता घातला असेल तर चकचकीत तैलरंगात तो पण दिसतो, मी काळा टी-शर्ट घालते. घरात काढायचा तर ट्यूबलाइट बंद, एकसारखे दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात. उजेड सारखा पडतोय का बघायला चित्राच्या मध्यावर एक पेन्सिल चित्राशी काटकोनात धरा, दोन्हीकडे पडणाऱ्या सावल्या सारख्याच गडद पाहिजेत.

कॅमेरा चित्राला समांतर पाहिजे, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. यासाठी एक जुनी युक्ती, चित्राच्या मधोमध एक छोटा सपाट आरसा धरा (टेकवू नका), त्यात लेन्स बरोबर मध्यात दिसली की कॅमेरा सरळ आहे. मोबाईलवर ग्रिड चालू करा, जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, दोन पावलं मागे जाऊन २एक्सने काढा. काच असेल तर शक्य असल्यास काढा. चित्राच्या शेजारी राखाडी कार्ड किंवा कलर चार्ट (रंग पडताळायला) ठेवून एक फोटो, मग त्याशिवाय एक. कडा कापू नका, चारही कडा दिसल्या पाहिजेत.

एका कामाचे किमान चार फोटो घ्या, समोरून, मागून, सहीचा जवळून, आणि एक कडेने तिरका उजेड टाकून, ज्यात रंगाचे थर, भेगा, एचिंग असेल तर प्लेटचा दाब दिसतो. मागचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि फ्रेमवाल्याची चिठ्ठी, जुन्या प्रदर्शनाचं लेबल, खोडलेली किंमत, सगळं मागेच असतं. ए४ आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं म्हटलं तर ३५०८ × २४८० पिक्सेल लागतात, त्याहून कमी असेल तर फोटो परत काढा.

स्कॅन

इथे फार लिहित नाही, माहिती सगळीकडे आहे. पत्रं आणि कात्रणं ३०० डीपीआय पुरे, फोटो आणि छोटी स्केचेस ६००, ३५ एमएमच्या निगेटिव्ह आणि स्लाइड ३००० ते ४०००, आणि त्यासाठी ट्रान्सपरन्सीवाला, म्हणजे फिल्ममधून उजेड आरपार टाकणारा स्कॅनर लागतो. मूळ फाइल टिफमध्ये, रोजच्या वापराला जेपेग. ए४चा ६०० डीपीआय रंगीत टिफ जवळजवळ १०० एमबी होतो, तेव्हा जागेचा हिशोब आधी करा. ब्लॅक अँड व्हाइट कागदसुद्धा रंगीतच स्कॅन करा, कागदाचा पिवळेपणा, वेगळ्या शाईची दुरुस्ती ही पण माहिती आहे. चारकोल आणि पेस्टल फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) ठेवायचं नाही, काचेला लागून पुसतं, त्याचा फोटोच काढा. आणि पानं आपोआप ओढणाऱ्या मशीनमध्ये जुना कागद घालू नका, माझ्या एका मैत्रिणीचं १९६०च्या दशकातलं पत्र असं मधोमध फाटलं.

फाइलींची नावं आणि कॉप्या

फाइलचं नाव म्हणजे वहीतला नंबर, पुढे समोर किंवा मागे, बस. १९८१-मिश्र-००६-मागे. इंग्रजीत टाइप केलं तरी चालेल, पण जागा सोडू नका आणि "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरा" हे प्रकार बंद.

कॉप्या तीन. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक हार्ड डिस्क पुण्याला भावाकडे, कारण विश्वामित्री आली की बडोद्यातली दोन घरं एकदम बुडू शकतात. जुलै २०१९ला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस झाला होता तेव्हाच हे सुचायला हवं होतं. क्लाउड वापरत असाल तर उत्तम, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे डिलीट केलं की तिथूनही जातं. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सेव्हर चालू असेल तर फोटो बारीक होऊन साठतो, ओरिजिनल क्वालिटी निवडा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र छापायला निरुपयोगी, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आत चकती फिरणारी हार्ड डिस्क पाच वर्षांनी बदला, चालत असली तरी. आणि २००५ च्या आसपास सीडी-डीव्हीडीवर भरून ठेवलेलं काही असेल तर आजच उतरवून घ्या, माझ्या अकरापैकी तीन उघडल्याच नाहीत.

ठेवायचं कुठे

मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर ओला, अशी आपली हवा. कागदाला सतत बदल सोसत नाही, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी. पाचशेच्या आत छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते कपाटात ठेवा. म्युझियमसारखा एसी चोवीस तास कोणाला परवडतो, त्यामुळे निदान जागा नीट निवडा. तळमजला नको, पत्र्याखालचा माळा नको, पश्चिमेची किंवा बाथरूमची भिंत नको. घरातल्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटं सोडून, जमिनीपासून किमान फूटभर वर लोखंडी कपाट. लाकडाला वाळवी लागते आणि नवीन प्लायवूडमधून आम्लाच्या वाफा येतात. बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत कधी गेलात तर तिथले लोखंडी रॅक आणि काचेच्या फरश्या नक्की बघा, उजेड आणि हवा खेळती ठेवायचा विचार शंभर वर्षांपूर्वी इथे झालाय.

कागदाची कामं सपाट ठेवा, गुंडाळून ट्यूबमध्ये नको. दोन कामांच्या मध्ये ॲसिड फ्री कागद, मिळाला नाही तर धुतलेलं कोरं मलमल. साधा बटर पेपर काही वर्षांत पिवळा पडतो. प्लास्टिकमध्ये ठेवायचंच तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, तो वास येणारा मऊ पीव्हीसीचा फोल्डर अजिबात नको, त्याला फोटो चिकटतो. ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा पण रंग बदलला की तापवून परत कोरड्या करा, नाहीतर नुसती समजूत. रबरबँड, टाचण्या, यू-पिना आधी काढा. डांबर गोळ्या मी बंद केल्या, त्या वाफा माणसालाही चांगल्या नाहीत आणि काही प्लास्टिक-रंगांवर परिणाम करतात. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न लागता. पण कसर लागू नये म्हणून खरा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी कपाट उघडून झाडणं, किड्यांना शांतता आवडते. झिंक-कॉपरच्या प्लेटी स्वच्छ पुसून, व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून, कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवा.

आणि लॅमिनेशन! शहरातल्याच एका दुकानात मी बाबांचं एक पेन्सिल स्केच फ्रेम करायला दिलं, तर त्या भल्या माणसाने "टिकेल ना बेन" म्हणून प्रेमाने लॅमिनेट करून दिलं. ते आता जवळजवळ कायमचं प्लास्टिक आहे, इजा न करता सोडवणं फार अवघड. देताना बिलावर "लॅमिनेशन नाही, टेप नाही, गोंद नाही" असं लिहून घ्या. फाटलेल्या कागदाला सेलोटेप म्हणजे दहा वर्षांनी पिवळा डाग, टेप गळून पडते आणि डाग राहतो. फाटलेलं तसंच पाकिटात ठेवा, पुढे कोणी जाणकार नीट करेल.

पाणी शिरलंच तर

बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, तेवढाच वेळ हातात असतो. आम्ही काय चुकलो ते आधी सांगते. ओल्या कागदांचा गठ्ठा ओढून सोडवला, आठ कागद फाटले. काही उन्हात टाकले, ते पापडासारखे वाकडे झाले.

करायचं ते असं. गठ्ठा पूर्ण चिखलात असेल आणि एकदम हाताळणं शक्य नसेल तर छोट्या गठ्ठ्या करून प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा (शेजाऱ्यांचा फ्रीज मागा, आम्ही मागितला, आइस्क्रीमच्या शेजारी बाबांची पत्रं), बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. कॅनव्हास आणि काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये नाही. सुटे कागद सावलीत, कोऱ्या कागदावर किंवा टिपकागदावर पसरा, पंखा खोलीत फिरू दे पण थेट कागदावर नको, खालचा कागद बदलत राहा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. इस्त्री नको. चिखल लागलेले फोटो गार स्वच्छ पाण्यात हलके खळबळून घ्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, मग तोंड वर करून वाळवा. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो गार पाण्यात ठेवले की बरेचदा आपसूक सुटतात. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट ठेवा आणि काचेवरूनच स्कॅन करा. जलरंग आणि शाईची कामं पाण्यात बुडवायची नाहीत हे सांगायला नको. तैलचित्र सावलीत आडवं, रंगाची बाजू वर.

हक्काचे कागद

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं असतो, म्हणजे कोणी १९९६ साली गेले असतील तर २०५६ संपेपर्यंत. हक्क द्यायचा असेल तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पोर्ट्रेट काढलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा असतो. म्हणून प्रत्येक विक्रीची पावती, प्रदर्शनाचा करार, ईमेल, याची वेगळी फाइल ठेवा. ईमेल पीडीएफ करून ठेवा, अकाउंटचा पासवर्ड तुमच्याबरोबर गेला तर घरचे काय करणार.

प्रदर्शनाला काम पाठवताना फोटोसकट यादी दोन प्रतींत करून एकीवर सही-शिक्का घ्या. माझ्या स्लाइड एका ठिकाणी अशाच गेल्या, पोच नव्हती, मग काय बोलणार.

नंतर कोणाकडे

बडोद्यात याचं उत्तम उदाहरण घरातच आहे. १९५० साली इथे फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे सर इथे शिकवायला आले, आणि पुढच्या पिढ्यांतल्या काही जणांनी स्वतःचे कागद जपले. ज्योती भट्ट, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख आणि रतन परिमू या इथल्या चित्रकारांची खासगी दप्तरं हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटाइझ केली, ती घरबसल्या बघता येतात. बघाच, कारण त्यात नुसती चित्रं नाहीत, पत्रं, टिपणं, आमंत्रणं, वर्गातले फोटो आहेत, आणि आपल्या कपाटातलं काय मोलाचं आहे ते लगेच कळतं.

आपण काही तितके मोठे नाही हे खरं. पण संस्थेला द्यायचं असेल तर यादी नसलेले गोणभर कागद कोणी घेत नाही, यादी असलेलं एक खोकं घेतात. देण्याआधी लेखी ठरवा, मूळ कागद देतोय की फक्त स्कॅन, कोण वापरू शकेल, खासगी पत्रं किती वर्षं बंद राहतील, आणि त्यांना नको असेल ते परत करणार की टाकणार. दुसऱ्याने तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्या घरात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, ते लक्षात ठेवा. दोन भावांत अर्धं अर्धं वाटून घेऊ नका, वाटायचंच तर स्कॅन वाटा. मृत्युपत्रात फ्लॅट आणि एफडीबरोबर "कामं आणि कागद अमक्याकडे, वही अमक्या खणात" अशी एक ओळ घाला, आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा, माझ्या भाच्याने सरळ सांगितलं की मावशी, प्लेटी नको, फक्त फाइली दे.

राहिलं वर्षाचं काम. ते मी खंडेनवमीला करते. पावसाळा संपलेला असतो, हवा कोरडी होत आलेली असते, आणि त्या दिवशी नाहीतरी प्रेस, रोलर, ब्रश पुजायला बाहेर काढायचेच असतात. कपाट उघडून सगळं एकदा हवेला लावायचं, सिलिका जेल तापवायचं, घरची हार्ड डिस्क लावून तिच्यातल्या पाच-दहा फाइली खरंच उघडतात का बघायचं, वर्षाच्या नव्या कामांचे नंबर वहीत पडले का तपासायचं, आणि पुण्याच्या डिस्कसाठी नवीन फाइली बाजूला काढायच्या. आई हळदकुंकू घेऊन येतेच. तिला सांगून ठेवलंय, प्रेसला लाव, ब्रशच्या डब्याला लाव, डिस्कला आणि वहीला नको. गेल्या वर्षी तरी तिने वहीच्या पुठ्ठ्यावर एक बोट उमटवलंच, त्याचीही मी अवस्थेच्या रकान्यात नोंद केली.